लॅग

पंचेचाळीस डिग्रीत मानेवाड्याहून बर्डीला निघाले,
तोंडाला दुपट्टा, पर्समध्ये कांदा
आणि रुखसार मॅडमची चिठ्ठी:
डावा अंगठा. रोज वीस मिनिटं. कॉम्प्युटरवरचा खेळ चालेल.

श्वेतल फोनवर म्हणाली, आई, मी मागवते ना इथून.
म्हटलं, चप्पलसुद्धा आपण पायात घालून घेतो.

तिसरा मजला, लिफ्ट बंद.
प्रज्वल उके नावाचा पोट्टा, जेमतेम मिसरूड,
काचेवर एकेक मांडत गेला.
हा पहा काकू, याला मागूनही बटणं. यात लाइट लागते.
चिठ्ठी काढायला पर्स उघडली तर कांदा घरंगळला
आणि त्या सगळ्यांच्या मधोमध जाऊन बसला.
तो हसला नाही.
त्याच्याही खिशात असेल, मायनं दिलेला.

एकेक हातात घेऊन पाहिला.
एक फार गुळगुळीत, घामेजल्या हातातून सटकणारा.
एकाचं बटण दाबायला चकलीचा सोऱ्या दाबावा इतका जोर.
एक इतका हलका
की कानाशी धरून हलवला, नारळ हलवतात तसा.

बिनवायरचा घ्या, सध्या तेच चालून राहिलं.
अन् सेल संपले की? पलंगाखाली गेला की
वाकेल कोण?
मग वायरवालाच घ्या. स्वस्त आहे, अन् लॅग नाही.
लॅग म्हणजे काय रे?
म्हणजे तुम्ही बटण दाबलं, अन् तिकडचा माणूस
जरासा थांबून हलला.
मधात जो टाइम गेला, तो लॅग.

अच्छा. नाव ठाऊक नव्हतं.
वस्तू मार्चपासून घरात आहे.
पाणी पाहिजे का, विचारते,
प्रश्न कुठल्यातरी खांबावर अडकतो,
मी पेला धरून उभी.
मग मान हलते, तोवर मी विसरलेली असते
की विचारलं काय होतं.

वायर किती लांब?
दहा फूट, तो म्हणाला. मी घरून मोजून आणलेली
सुतळी काढली, पलंग ते टेबल, टोकाला गाठ.
दोन्ही काचेवर शेजारी शेजारी ताणून धरल्या आम्ही,
एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.
वायर वीतभर कमी.
असू दे. पलंग सरकवीन.

यांनी बटणांकडे पाहिलंच नाही.
एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात केबल जोडल्या,
खड्ड्यात उतरून, आठशे जोड्यांतली
मेलेली जोडी रंगावरून शोधायची,
निळी-पांढरी, नारिंगी-पांढरी.
चांगल्या हाताच्या दोन बोटांत वायर धरली
आणि टोकापासून सरकवत आणली हळूहळू,
मानेपाशी थांबले. वाकवून पाहिली.
इथं तुटेल, म्हणाले.

दोन शब्द. महिन्याभरात असे सलग नव्हते आले.
मी काळा टेप शोधायला धावले,
टेपचं टोक सापडता सापडेना.

त्या खेळात असं आहे:
उजव्या अंगठ्यानं बघायचं, डाव्यानं चालायचं.
तर आमचा माणूस शेताच्या कडेला उभा
आणि नुसता बघतोय.
आभाळ, विहीर, पुन्हा आभाळ, गोल गोल,
पाय जमिनीत रोवल्यासारखे.
तीन आठवडे. मला त्या शेतातलं
प्रत्येक झाड पाठ झालं.
रुखसार मॅडम म्हणाल्या, घाई नको.
घाई कोणाला होती? मी रोज
वायरवर पाय पडू नये म्हणून
लांबून वळसा घालून चहा नेत होते.

परवा दुपारी कूलरमध्ये पाणी ओतत होते.
आतून आवाज आला: बुडला.

बादली तशीच टाकून आले.
तळ्यावर बुडबुडे. काठावर, ओल्या मातीत,
चार पावलांचे ठसे, डावीकडे गेलेले.
यांचा अंगठा थरथरत होता, की तो डबाच
हातात थरथरत होता, कळेना.

पुन्हा सुरू करा की, म्हटलं.

त्यांनी आधीच दाबलं होतं.